शिवेवरचा कालवा
(वार्षिक संमेलनात हडपसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ह्या संमेलनात बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय कोणता घ्यावा, असे मी त्यांस विचारले. "आपल्या समाजाच्या उत्कर्षाविषयी काही सांगा," असे त्यांनी सुचविले. उत्कर्षाची कारणे शोधावयास निघालेला मनुष्य बहुधा थोर पुरुषांच्या चरित्रांपाशी जाऊन थांबतो. मीही आरंभी त्याच वाटेने निघालो होतो. परंतु विचार करता करता मी ज्या ठिकाणी येऊन पोहोचलो, ते ठिकाण आपल्या सर्वांच्या रोजच्या वाटेवर आहे. ते म्हणजे आपला मुठा उजवा कालवा.

आपणांपैकी बहुतेकजण तो रोज ओलांडतात. पुलावर वाहनांची इतकी दाटी असते की खाली पाहण्यास कोणाला सवड नसते. आपल्या मुलांना कालवा म्हटले म्हणजे कचरा आणि दुर्गंधी एवढेच आठवते. तथापि, ह्या सभेत पांढऱ्या टोपीची जी मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत, त्यांना कालवा म्हणताच रात्रीची पाळी आठवेल, कंदील आठवेल, चिखलात रुतलेले खोरे आठवेल. ह्या दोन आठवणींमध्ये जे अंतर पडले आहे, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

कालवा ही मुळात एक रेषा आहे. धरणापासून निघालेले पाणी दूरवर न्यावयाचे, तर उतार अगदी बेताचा ठेवावा लागतो. म्हणून कालवा सरळ धावत नाही; जमिनीची पातळी धरून, टेकड्यांच्या कडेकडेने, वळणे घेत जातो. आणि पाण्याचा धर्म असा की ते खालीच वाहते. त्यामुळे कालवा आणि नदी ह्यांच्यामध्ये जी जमीन सापडली, ती भिजली. कालव्याच्या वरच्या अंगाला जी राहिली, ती कोरडी राहिली. आपल्याकडे कालव्याच्या उत्तरेस मुळा-मुठेपर्यंतची मांजरी-मुंढव्याकडील जमीन बागाईत झाली, आणि दक्षिणेकडील माळ पावसाकडे डोळे लावून बसला. बांधाला बांध लागून असलेल्या दोन भावांपैकी एक बागाईतदार झाला आणि दुसरा बाजरीवर राहिला, तो केवळ ह्या रेषेमुळे. सोयरीक जमविताना मुलीचा बाप "जमीन किती?" ह्याच्या आधी "कालव्याच्या वर की खाली?" असे विचारीत असे. गावाची शीव दगडाने दाखवितात. आपल्या सुखदुःखाची शीव ह्या कालव्याने आखली.

आता ह्या कालव्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर खडकवासला येथे धरण बांधण्याची योजना इंग्रज अमदानीत कॅप्टन फाइफ ह्या अभियंत्याने तयार केली. १८६९ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १८७९ साली धरण पुरे झाले. त्या जलाशयास फाइफचेच नाव देण्यात आले होते. दगडी बांधणीच्या मोठ्या धरणांपैकी आपल्या देशातील हे आरंभीचे एक होय. धरणाच्या दोन्ही अंगांनी दोन कालवे काढले. डावा कालवा आखूड. तो खडकीच्या बाजूस गेला. उजवा कालवा लांब. तो शहराच्या दक्षिणेकडून, लष्कराच्या हद्दीतून हडपसरास आला आणि पुढे लोणी, उरुळी, यवतवरून पाटसकडे गेला. त्याची लांबी सुमारे ११२ किलोमीटर होती. पुण्याची पेठ, लष्कर आणि खडकी ह्यांना पाणी देणे, आणि हवेली व भीमथडीच्या कोरड्या मुलुखास भिजविणे, ही दोन्ही कामे ह्या एकाच पाण्यावर सोपविलेली होती. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. शहर आणि शेत ह्यांच्यातील वाटणीचा प्रश्न कालच्या-आजचा नाही. कालव्याचा जन्मच त्या वाटणीसह झाला आहे.

तो काळ सुबत्तेचा नव्हता. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा शेतकरी उन्मळून पडला. शेजारच्या नीरा डाव्या कालव्याचे काम त्याच दुष्काळात, उपाशी माणसांच्या हातांनी सुरू झाले आणि १८८५ साली तो वाहू लागला. दख्खनच्या कालव्यांना एका बाजूने सरकारी हिशेब आहे आणि दुसऱ्या बाजूने मुठीभर धान्यासाठी माती वाहिलेल्या बायाबापड्यांचा घाम आहे. आज आपण ज्याला 'आपला कालवा' म्हणतो, त्यावर आपल्या आधी त्यांचा हक्क आहे.

पाणी आले म्हणजे लगेच सोने पिकू लागले, असे समजू नये. आपल्या शेतकऱ्यास आरंभी ह्या पाण्याचा विश्वास वाटत नव्हता. पाऊस बरा झाला की तो कालव्याकडे फिरकत नसे. दुष्काळ पडला की एकदम सारे धावत. पाणीपट्टी रोख द्यावयाची, पिकासाठी खताचा व बियाण्याचा खर्च करावयाचा, आणि पाणी ऐन वेळी मिळाले नाही तर सारेच बुडावयाचे. हे साहस कर्जबाजारी कुणब्याने कशाच्या बळावर करावे? त्यामुळे कालवे बांधूनही सरकारच्या पदरी पुरेसे उत्पन्न पडत नसे.

ह्या प्रसंगी महात्मा जोतीराव फुले ह्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. जोतीरावांना आपण समाजसुधारक म्हणून वंदन करतो, परंतु ते कालव्याच्या पाण्याचेही जाणकार होते. खडकवासल्याच्या बांधकामास माल पुरविण्याचे कंत्राट त्यांनी घेतले होते, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ह्या आपल्या मांजरीत त्यांनी जमीन घेऊन बागाईत केली. कालव्याचे पाणी कसे वापरावे, हे त्यांनी प्रथम स्वतःच्या शेतात करून दाखविले.

१८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले आहेत. पट्टी वसूल होते, पण पिकास पाणी वेळेवर मिळत नाही. वरचे अंमलदार ऐषआरामात आणि हाताखालचे कामगार बेपर्वा, असा त्यांचा आक्षेप होता. पण ते केवळ दोष देऊन थांबले नाहीत. प्रत्येक शेताच्या मानाप्रमाणे पाण्याची तोटी बसवावी, म्हणजे कोणासही गरजेपेक्षा अधिक पाणी घेता येणार नाही, अशी सूचना त्यांनी केली. पाणी मोजून द्यावे, हा विचार आज आपणांस फार आधुनिक वाटतो. तो मांजरीच्या एका बागाईतदाराने १४० वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे! डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जिरवावे, तळ्यानद्यांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा, असेही त्यांनी त्याच ग्रंथात सुचविले. कालवा वरून येणार. पण पडणारे पाणीही अडविले पाहिजे, ही जाण त्यांना होती.

जोतीरावांच्या पाठोपाठ आपल्या समाजातील अनेक कुटुंबे ह्या पाण्याच्या मागे आली. सासवडच्या बाजूची माळी मंडळी मोटेच्या पाण्यावर भाजीपाला व फुले पिकविण्यात पिढ्यान् पिढ्या तरबेज होती. खत किती, वाफा केवढा, पाणी कोणत्या दिवशी तोडावे, हे ज्ञान त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. त्यांच्याजवळ हुन्नर होता, पाणी अपुरे होते. कालव्याने पाणी दिले. ही कुटुंबे मुठेच्या काठी आली, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागली. येथे अनुभव गाठीस बांधून पुढे ती नीरेच्या डाव्या कालव्यावर बारामतीकडे गेली. तेथून गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांवर नगर जिल्ह्यात गेली. १९२८ साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याचा प्रदेश भिजू लागला, तेव्हा अकलूजच्या बाजूस गेली. १९३२ साली ह्याच मंडळींनी माळीनगर येथे सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी केली. शेतकऱ्यांनी भांडवल जमवून स्वतःचा साखर कारखाना काढावा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. आपल्या उत्कर्षाचा नकाशा काढावयाचा झाला, तर कालव्यांचा नकाशा पुढ्यात घ्यावा. दोन्हींच्या रेषा एकच आहेत.

पाण्याबरोबर विद्याही आली. उसाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी मांजरीचे नाव फार पूर्वीपासून घेतले जाते. आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था १९७५ साली स्थापन झाली, तीही मांजरीतच आहे. अभियंता विश्वेश्वरय्या ह्यांचे नाव आपण म्हैसूरशी जोडतो. परंतु त्यांच्या कर्तबगारीचा आरंभीचा काळ आपल्या मुंबई इलाख्यात गेला. पुराच्या वेळी आपोआप उघडणारे त्यांचे प्रसिद्ध दरवाजे १९०३ साली प्रथम खडकवासल्यासच बसविण्यात आले. धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी साठविण्याची ती युक्ती होती. त्याच सुमारास त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचविली. ठराविक क्षेत्राचा गट ठरवावयाचा आणि त्यात ऊस, हलकी बागाईत पिके व कोरडवाहू पिके आळीपाळीने घ्यावयाची, म्हणजे पाणी थोड्यांच्या उसात न मुरता अनेक गावांस पुरेल, असा त्यामागे हेतू होता. अतिपाण्याने जमीन चोपण होते, हेही तेव्हा दिसू लागले होते. जोतीरावांची तोटी आणि विश्वेश्वरय्यांचा ब्लॉक ह्या दोहोंतील मर्म एकच आहे. पाणी ज्याच्या दारावरून आधी जाते, त्याचे ते होत नाही.

१२ जुलै १९६१ चा दिवस येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पानशेतचे नवे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही भेदले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. पूर ओसरला आणि पाठोपाठ पाण्याचीच टंचाई झाली, हा दैवदुर्विलास पुणेकरांनी अनुभविला. त्यानंतर दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. पुढे वरसगाव आणि टेमघर ही धरणे झाली. आज ह्या चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, इतकी आहे. जुन्या कालव्याच्या वरच्या पातळीवरून नवा मुठा उजवा कालवा काढण्यात आला. तो २०२ किलोमीटर वाहत दौंडवरून इंदापूर तालुक्यात जातो. जुना कालवा मग 'बेबी कालवा' ह्या लाडक्या नावाने ओळखला जाऊ लागला. आजोबांना नातवाचे नाव पडावे, तसा हा प्रकार आहे.

आता मी एक घरगुती गोष्ट सांगणार आहे. ती आजवर कोणत्याही सभेत सांगितली नाही. आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची सव्वादोन एकर जमीन कालव्याच्या खाली होती. १९७२ साली पाऊस रुसला. १९७३ च्या उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन लांबले. नमुना सात भरून दिलेला, पट्टी चुकती केलेली. पण पाणी येईल तेव्हा खरे. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, दिवसातून चार वेळा चारीवर जाऊन येत. आमच्या खालच्या बाजूस एका वयोवृद्ध गृहस्थांचे अर्धा एकर रान होते. त्यांना साऱ्या वस्तीत अण्णा म्हणत. त्यांचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे, त्यावर त्यांचे घर चाले. अखेर पाणी आले. पहिली पाळी आमची झाली. रात्री अण्णांची पाळी सुरू झाली. मध्यरात्रीच्या सुमारास अप्पांनी मला उठविले. हातात कंदील दिला. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. आम्ही चारीवर गेलो. अप्पांनी दगड आणि चिखल घालून चारी तुंबविली आणि पाणी आमच्या उसाकडे वळविले. तीन तास ते पाणी आमच्या सऱ्यांत चालले होते. मी कंदील धरून उभा होतो. पहाटेपूर्वी अप्पांनी चिखल काढला आणि आम्ही घरी येऊन निजलो.

चार दिवसांनी अण्णांच्या वाफ्यांतली मेथी माना टाकून पडली. पुढचे आवर्तन केव्हा येईल ह्याचा नेम नव्हता. अण्णा आमच्या दाराशी आले. अप्पा अंगणातच होते. अण्णांनी आवाज चढविला नाही. "त्या रात्री पाळी कोणाची होती रे?" एवढेच त्यांनी विचारले. अप्पांनी खाली मान घातली. अण्णा थोडा वेळ उभे राहिले, माझ्या आईने दिलेले पाणी प्याले, आणि निघून गेले.

पुढे दोन वर्षे आमच्या प्रत्येक पाळीतला पहिला तास अप्पा अण्णांच्या वाफ्यांना देत असत. त्याविषयी ते घरात किंवा बाहेर एक अक्षरही बोलले नाहीत. अप्पा वाईट मनुष्य नव्हते. त्यांचा ऊस जळत होता, डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते, पदरी पाच मुले होती. पण पाळी त्यांची नव्हती. हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच ते रात्री गेले.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट मी आपल्यापुढे का ठेवली? त्या वेळी आम्ही वरचे होतो आणि अण्णा खालचे होते. आज हे सारे हडपसरच वरचे झाले आहे. जेथे ऊस आणि फ्लॉवर होता, तेथे बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःची नगरी वसविली, तिचे देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. इतर अनेकांनी गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या. २०१७ साली साडेसतरानळी आणि २०२१ साली मांजरी बुद्रुक महानगरपालिकेत गेले. शहराची शीव आपल्या अंगणातून पुढे सरकली. आपण शेतकरी होतो, ते शहरवासी झालो. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, घरे पक्की झाली. परंतु धरणातले पाणी वाढले नाही. जे पाणी आपल्या वाफ्यांत जात होते, ते आता आपल्या नळांत येते. आणि आपल्या वाढत्या गरजेपायी दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचे आवर्तन लांबते किंवा तुटते. शहर मंजूर वाट्याहून अधिक पाणी उचलते, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. अप्पांनी जे रात्री, कंदील लपवून, खाली मान घालून केले, ते आज आपण सारे मिळून दिवसाढवळ्या करीत आहोत. आणि मान खाली घालणारा कोणी दिसत नाही.

ह्यावर तोड म्हणून मुंढवा येथून नदीतले प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून साडेसतरानळीजवळ बेबी कालव्यात सोडण्याची योजना झाली. शहराने शेतीचे पाणी वापरावे आणि त्याबदली वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून परत द्यावे, असा तो करार आहे. विचार न्याय्य आहे. पण शुद्धीकरण पुरते होत नाही, पाण्यास फेस व दुर्गंधी असते, विहिरी बिघडतात, अशी खालच्या गावांची तक्रार आहे. आपण उसने पीठ परत करताना शेजारणीच्या भांड्यात कोंडा घालीत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र तसेच चालले आहे. ज्या कालव्याकाठी आमच्या आज्या ओंजळीने पाणी पीत, त्याच कालव्यात आपल्या घरचे मैले पाणी पुढच्यांच्या शेतात जाते.

आणि आता एक नवी गोष्ट पुढे आली आहे. उघड्या कालव्यातून पाझर, बाष्पीभवन आणि चोरी ह्यांमुळे पुष्कळ पाणी वाया जाते. शिवाय, दाट वस्तीतून वाहणारा कालवा धोक्याचाही झाला आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातील शेकडो गरीब कुटुंबांचे संसार वाहून गेले, हे आपण विसरलो नसू. म्हणून खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून त्यातून पाणी न्यावे, अशी योजना शासनाने आखली आहे. ती पार पडली, म्हणजे नव्या कालव्याचा आपल्या भागातील उघडा प्रवाह बंद होईल. पाणी आपल्या पायांखालून, न दिसता, पुढे जाईल.

ह्या योजनेस विरोध करण्यासाठी मी उभा नाही. वाया जाणारे पाणी वाचत असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु दोन प्रश्न आपण आजच विचारावयास हवेत. पहिला प्रश्न असा की, वाचलेले पाणी कोणाचे? ते शहराच्या नव्या इमारतींकडे वळणार, की कालव्याच्या शेपटाला असलेल्या इंदापूरच्या रानात पोहोचणार? पाणीवाटपाचा जुनाजाणता नियम शेपटाकडून मुखाकडे पाणी देण्याचा आहे. शेवटच्यास आधी, पहिल्यास नंतर. तो नियम बोगद्यातही पाळला गेला पाहिजे. दुसरा प्रश्न असा की, मोकळी झालेली कालव्याची जमीन कोणाची? ती ज्यांच्या पूर्वजांकडून घेतली गेली आणि ज्यांच्या घामाने खणली गेली, त्या साऱ्यांच्या उपयोगास ती लागावी. तिच्यावर सावली देणारी झाडे आणि पायी चालण्याची वाट असावी. तेथे टपऱ्या, अतिक्रमणे आणि व्यापारी संकुले उभी राहू नयेत. हे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार इतर कोणाहीपेक्षा आपणांस अधिक आहे, कारण आपण ह्या रेषेच्या दोन्ही बाजूंस राहून पाहिले आहे.

आपल्या मंडळाने करण्याजोगी तीन कामे मी सुचवितो आणि माझे बोलणे संपवितो.

पहिले, ज्यांच्या घरी पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या, नमुना सातचे अर्ज, खंडाचे कागद, चारीच्या तंट्यांची निवेदने असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती मंडळाकडे द्याव्यात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतून निवडक मजकूर छापावा. पाळीचे पाणी धरलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणीही लिहून घ्याव्यात. रात्रीची दारे पुरुषांनी धरली असे आपण म्हणतो. पण दिवसाच्या पाळीला खोरे हाती घेऊन वाफ्यावाफ्यांतून पाणी फिरविणाऱ्या आपल्या आया-मावश्याच होत्या. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ नये.

दुसरे, आपल्या तरुणांची एक सहल दरवर्षी काढावी. महाबळेश्वरला पुष्कळ झाल्या. ही सहल खडकवासल्यापासून निघून कालव्याच्या काठाने इंदापूरच्या शेवटच्या चारीपर्यंत जावी. तेथील शेतकऱ्याच्या बांधावर बसून मुलांनी त्याची भाकरी खावी, आणि पाणी किती दिवसांनी येते ते त्याच्या तोंडून ऐकावे. नळ उघडताना त्यांच्या डोळ्यांपुढे मग तो मनुष्य येईल.

तिसरे, आपल्या सदस्यांच्या ज्या गृहरचना संस्था आहेत, त्यांनी प्रत्येक सदनिकेला पाण्याचा मापक बसवावा, छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे आणि सांडपाण्याची शुद्धीकरण यंत्रणा केवळ कागदावर न ठेवता चालू ठेवावी. जोतीरावांच्या पुतळ्यास आपण दरवर्षी हार घालतो. त्यांनी सुचविलेली तोटी आपल्या घरी बसविली, तर तो हार त्यांना अधिक शोभून दिसेल.

अण्णा पुष्कळ वर्षांपूर्वी वारले. त्यांचे वाफे होते, तेथे आज वाहनतळ आहे. आमचा ऊस होता, तेथे मी राहतो, सहाव्या मजल्यावर. सकाळी नळाला पाणी आले की कधीकधी मला अण्णांचा तो प्रश्न ऐकू येतो. "पाळी कोणाची आहे रे?" आपण सर्वांनी तो प्रश्न स्वतःस विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.